अवीच्या गाडीचं इंजिन

४ जानेवारी, रविवार

सकाळी भावजयीचा, शैलाचा फोन. दिवाळीनंतर पहिलाच. कुंभारीचं घर सोडून पुण्याला लेकीजवळ, इराकडे जायचं म्हणते, मार्चपर्यंत. त्याआधी सगळं निकालात काढायचंय. शेवटी मुद्द्यावर आली. अवीच्या इटालियन मोटरसायकलला गिऱ्हाईक आलंय, कोल्हापूरचे कोणी देसाई. त्यांना गाडी चालू स्थितीत हवी. "तुम्ही एकदा बघून घ्या ताई. तुमच्याशिवाय कोण बघणार? नाहीतर भंगारात देते."

बघते म्हणाले.

अवीला जाऊन नोव्हेंबरात चार वर्षं झाली. चार वर्षांत मी त्या गाडीवरची चादर उचललेली नाही. हे शैलाला माहीत आहे. तेराव्याच्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात तिनेच विचारलं होतं, "तुम्ही हात लावला होता ना त्या इंजिनाला?" मी हो म्हणाले होते. त्यानंतर आमच्यात भांडण झालं नाही, काहीच झालं नाही. सणाला फोन, इराच्या परीक्षा, बास.

आज तिनेच हात लावायला सांगितलं.

६ जानेवारी

कॉलेज सुटल्यावर चिंचोळीला गेले. अवीचं वर्कशॉप आता बशीरभाई चालवतात. अवीचे पहिल्या दिवसापासूनचे फिटर. मला बघून त्यांनी लेथ बंद केला. मागच्या खोलीचं कुलूप काढलं, चादर धरली आणि माझ्याकडे बघत थांबले. मी मान हलवली.

लाल रंग तसाच आहे. डावी बाजू खरवडलेली, डावा आरसा नाही, टाकीला खोलगट पोचा. पुढचं चाक किंचित वाकडं. मागचं चाक अजून सुंदर दिसतं. एकाच बाजूच्या हातावर तोललेलं, दुसऱ्या बाजूने सगळं मोकळं. अवी आल्यागेल्याला मुद्दाम त्या बाजूने न्यायचा.

हँडलच्या उजवीकडचं, इंजिन बंद करायचं लाल बटण बंदच्या बाजूला होतं. कुणी बंद केलं विचारलं. बशीरभाई म्हणाले, "मैं नई किया मॅडम. टेंपो में डाले तब बी वैसाच था."

हात लावला नाही. परत आले.

७ जानेवारी

काल लिहायचं राहिलं ते. नीट क्रमाने लिहिते, म्हणजे डोक्यात फिरायचं थांबेल.

अपघाताआधीच्या रविवारी अवीने इंजिन उघडलं होतं. त्या इंजिनात व्हॉल्व्ह बंद करायला स्प्रिंग नसते. बाकी सगळ्या गाड्यांत एक दांडी व्हॉल्व्ह उघडते आणि स्प्रिंग तो मिटते. फार वेगात स्प्रिंग मागे पडते, व्हॉल्व्ह वेळेत मिटत नाही. त्या इटलीच्या माणसांनी सत्तर वर्षांपूर्वी स्प्रिंगच काढून टाकली, मिटायलाही एक दांडी दिली. अवी हे सांगताना दोन्ही हात पुढे करायचा, एकाने उघडायचं, दुसऱ्याने मिटायचं. "भरवसा ठेवायचाच नाही ताई. हाताला धरून बंद करायचं."

त्या मिटणाऱ्या दांडीच्या आणि व्हॉल्व्हच्या मध्ये शिम असते, पोलादाची छोटी चकती. जाडी मायक्रॉनमध्ये. जाड झाली तर व्हॉल्व्ह ताणला जातो, पातळ झाली तर पुरता मिटत नाही. पुढच्या सिलेंडरची एक शिम जाड भरत होती, इटलीहून मागवायची तर महिना गेला असता. अवी ती घेऊन माझ्याकडे आला. मी मशिनिस्ट ट्रेड शिकवते, सव्वीस वर्षं. सरफेस प्लेटवर बारीक पॉलिश पेपर ठेवून हाताने घासून दिली. तासभर लागला. मायक्रोमीटरने चार ठिकाणी मोजली.

गुरुवारी तो गेला. अक्कलकोटच्या पुढे, दुधनीच्या अलीकडे, सकाळी, कोरड्या सरळ रस्त्यावर. पंचनाम्यात होतं, रस्त्यावर मागच्या चाकाची काळी रेघ, लांब. म्हणजे चाक जाम झालेलं. अवी अकरा वर्षं शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी चालवत होता, त्याच्याकडून मागचं चाक असं जाम व्हायचं नाही. इंजिन आतून अडकलं तर मात्र होतं. शिम चुकीची असली आणि व्हॉल्व्ह सुटून पिस्टनवर पडला की इंजिन एका क्षणात थांबतं आणि चाकही.

शेतातल्या एका माणसाने जबाब दिला होता. गाडीचा आवाज आधी बंद झाला, मग आपटल्याचा आवाज आला.

एवढंच आहे. चार वर्षं एवढंच आहे.

१० जानेवारी, शनिवार

देसाईंचा फोन आला, शैलाने नंबर दिलेला. पन्नाशीचा आवाज, बोलायची हौस. गाडी चालू झाली तर त्यांना ती कोइमतूरच्या ट्रॅकवर न्यायची आहे. शोसाठी नाही, पळवायला. मी फक्त हं हं करत होते. मग त्यांनी इटलीतल्या इमोलाची गोष्ट सुरू केली. बहात्तर साली दोनशे मैलांची शर्यत, ही गाडी बनवणाऱ्या कारखान्याने आपल्या गाड्या काचेच्या भिंतींच्या ट्रकमधून आणल्या, सगळ्यांना दिसाव्या म्हणून. मोठमोठ्या कंपन्या हसल्या. पहिला नंबर त्यांचा आणि दुसराही त्यांचाच.

मी खुर्चीवर बसले. शब्द न् शब्द अवीचे. "हसले सगळे, आणि मग गप्प बसले," हे वाक्यसुद्धा.

तुम्हाला ही गोष्ट कुणी सांगितली, विचारलं. म्हणाले, "तुमच्या भावानेच की. ट्रॅकवर डबे खाताना. आम्ही तीन सीझन एकत्र होतो. त्याला मागं टाकायला मला एकदाही जमलं नाही."

त्यांना ती गाडी का हवी ते मग कळलं. फोन ठेवताना म्हणाले, गाडी तुम्ही तपासलीत की मी डोळे मिटून बसेन. अवी नेहमी सांगायचा म्हणे, ताईने मोजलं की मोजलं.

आता हे आणखी एक. शैलाने त्यांना काही सांगितलेलं दिसत नाही. आत माझी शिम आहे, आणि हा माणूस त्या गाडीवर बसून ताशी दोनशेच्या पुढे जाणार. न उघडता देणं शक्यच नाही. उघडून काय दिसेल ते दिसो.

१४ जानेवारी

संक्रांत. गड्डा जत्रेची गर्दी, रस्ते बंद, कॉलेजला सुट्टी. तिळगूळ द्यायला पूर्व भागातल्या मैत्रिणीकडे गेले. तिच्या शेजारी अजून दोन यंत्रमाग चालतात. दारात पाऊल ठेवलं आणि तो खडखडाट आला. अवीच्या गाडीचा क्लच सुका, तेलात न बुडवलेला. दाबला की नेमका असाच वाजायचा. नवीन आणली तेव्हा लोक म्हणायचे काहीतरी मोडलंय. अवी सांगायचा, मोडलेलं नाही काही, आपल्या साळीवाड्यातला माग आहे, घरचाच आवाज.

सोलापुरात मागाचा आवाज टाळून कुठे जाणार. हल्ली माग कमी झाले म्हणून सगळे हळहळतात. मला बरं वाटतं. असं वाटणं चांगलं नाही, पण वाटतं.

दहा मिनिटांत निघाले. मैत्रिणीला डोकं दुखतं म्हणाले.

१७ जानेवारी, शनिवार

सुरुवात केली. सकाळी साडेनऊ ते चार. सीट, टाकी, हवेचा डबा, बॅटरी. बशीरभाई हातात पाना द्यायच्या आधी कापडाने पुसून देत होते, ऑपरेशनसारखं.

दुपारी पट्ट्यांची झाकणं काढली. दोन सिलेंडर, दोन पट्टे. तेच व्हॉल्व्हची वेळ राखतात. दर दोन वर्षांनी बदलायचे असतात, गाडी पळो न पळो. अवीने ते बदलले नव्हते. तेव्हाच मुदत उलटून गेलेली होती, मी त्या रविवारीही त्याला म्हणाले होते.

खरं लिहायचं तर झाकणाचा शेवटचा स्क्रू काढताना मी मनात म्हणत होते, पट्टा तुटलेला असू दे. पट्टा तुटलेला असता तर चूक त्याची, माझी नाही. स्वतःच्या भावासाठी हे मागत होते.

दोन्ही पट्टे अखंड. बाहेरून बारीक चिरा, पण दात एकही गेलेला नाही. खुणाही जागेवर.

बशीरभाई म्हणाले, "अच्छा हुआ ना?" मी हो म्हणाले.

१८ जानेवारी, रविवार

मागचा सिलेंडर आज झाला. हा उभा असतो. चारी व्हॉल्व्ह मोजले, सगळे बरोबर. पुढचा झोपलेला असतो, जमिनीला समांतर, त्यासाठी रेडिएटर हलवावा लागतो. माझी शिम त्या पुढच्यात. चार वाजले होते, उजेड होता, काम होण्यासारखं होतं. केलं नाही. उद्या कॉलेज आहे म्हणाले.

बशीरभाईंनी चहा सांगितला. चहा पिताना अवीबद्दल बोलले, पहिल्यांदाच. गाडी आली त्या दिवशी साहेबांनी सगळ्या कामगारांना बसवून कारखान्याची कथा सांगितली होती म्हणे. ते लोक आधी रेडिओचे सुटे भाग करायचे. युद्धात बॉम्बने कारखाना सपाट झाला. मग सायकलला लावायचं एवढंसं इंजिन केलं, त्याचं नाव पिल्लू. त्या पिल्लापासून हे झालं. बशीरभाई म्हणाले, साहेब आमच्याकडे बघून बोलले, आपणही बोल्टच करतो, आज बोल्ट, उद्या बघू. मग स्वतःच हसले.

वर्कशॉप अजून बोल्टच करतं.

२० जानेवारी

पहिल्या वर्षाचा मायक्रोमीटरचा तास. पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, मॅडम तुमचं माप कधी चुकलंय का? ती सहज विचारत होती. मी म्हणाले माप चुकत नाही, मोजणारा चुकतो. वर्गात सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं.

चार वर्षांत कितीदा ती रविवारची दुपार मनात परत मोजली असेल. खिडकी उघडी होती. खोली तापलेली होती. शिम हातात धरून गरम झालेली असताना मोजली का? थंड होऊ दिली का? दिली. बहुतेक दिली. अवी मागे उभा राहून घाई करत होता, गुरुवारी जायचंय ताई, आटप की. चौथ्यांदा मोजलं ते आठवतं. आकडा आठवत नाही. आकडा लिहिलेला कागद त्याने खिशात घातला.

२४ जानेवारी, शनिवार

झालं.

पुढच्या सिलेंडरचं झाकण अकराला निघालं. आत तेल काळं पण स्वच्छ, धातूचा एक कण नाही. तिथेच कळायला हवं होतं. तरी क्रमाने गेले. माझा व्हॉल्व्ह शेवटी ठेवला.

शिम जागेवर. तिला धरून ठेवणाऱ्या दोन अर्धगोल कड्या खाचेत, अंगठीसारख्या बसलेल्या. पत्ती घालून फट मोजली. पाहिजे तेवढी. पुन्हा मोजली. मग शिम बाहेर काढली, ट्रेमध्ये ठेवून तासभर थंड होऊ दिली. तो तास मी आणि बशीरभाई दारात उभे होतो, समोरच्या कारखान्याची शिफ्ट सुटत होती. मग चार ठिकाणी मोजली. चारही ठिकाणी एकच आकडा, आणि फटीच्या हिशेबाने तोच हवा होता.

इंजिन हाताने फिरवलं. पूर्ण दोन फेऱ्या, मग आणखी दोन. कुठे अडखळलं नाही. गिअर टाकून मागचं चाक फिरवलं, सहाही गिअर. लोण्यासारखं.

"देखो मॅडम," बशीरभाई म्हणाले, "तुमारा हात साफ है." त्यांचे डोळे भरले होते. म्हणजे त्यांच्याही मनात होतं. चार वर्षं त्यांनीही कुलूप उघडलं नव्हतं ते त्यामुळे, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

मला हलकं वाटायला हवं होतं. घरी येऊन आंघोळ केली, वरण-भात केला, जेवले नाही.

२५ जानेवारी, रविवार

इंजिन अडकलं नव्हतं. मग ती काळी रेघ कशी पडली? आवाज आधी बंद झाला म्हणाला तो माणूस, तो कसा झाला? लाल बटण कुणी दाबलं?

जोवर माझी चूक होती तोवर निदान काय झालं ते माहीत होतं. आता ते राहिलं नाही. कोरडा रस्ता, सकाळचे आठ, धडधाकट गाडी, निष्णात चालवणारा. असा माणूस स्वतःच इंजिन का बंद करेल?

हा विचार लिहायचा नव्हता.

बशीरभाईंना फोन केला. उद्या सुट्टी आहे, टेंपो काढता का विचारलं. कुठे ते सांगायला लागलं नाही.

२६ जानेवारी

सकाळी सातला निघालो. अक्कलकोट सोडल्यावर शाळांतून झेंडावंदन चालू होतं, पांढऱ्या गणवेशातली पोरं रस्त्याच्या कडेने. बशीरभाईंना जागा पाठ होती, वळण नसलेला रस्ता, डावीकडे बाभळी, उजवीकडे तुरीचं रान. टेंपो थांबवून ते उतरलेच नाहीत. म्हणाले तुम्ही जा.

जबाब देणारा शिवप्पा तिथेच राहतो, रस्त्यापासून शंभर पावलांवर. साठीचा, बोलण्यात निम्मं कानडी. मी अवीची बहीण म्हटल्यावर बाजेवर बसवलं, पाणी दिलं. त्याने जबाबातलंच सगळं सांगितलं. तो तुरीत होता, रस्ता दिसत नव्हता, नुसतं ऐकलं. आवाज बंद झाला, मग आपटलं. मी पुन्हा विचारलं, आधी आवाज बंद की आधी आपटलं? तो म्हणाला आधी आवाज बंद. पण हे सांगताना तो माझ्याकडे न बघता घराच्या दाराकडे बघत होता.

दारात त्याची बायको उभी होती. गंगव्वा नाव. मी निघाले तशी ती मागोमाग रस्त्यापर्यंत आली. शिवप्पाने कानडीत काहीतरी दरडावलं, ती थांबली नाही.

रस्त्याच्या कडेला येऊन म्हणाली, "बाई, तवा मी मधी होते. डोक्यावर कडब्याचा भारा. आवाज आला तसं मधीच थांबले, पाय हलंना. त्यांनी मला बगितलं आन् गाडी वळीवली."

ती पुढे सांगत गेली. गाडी पडल्यावर बंद झाली नव्हती. आडवी पडून ओरडत होती, मागचं चाक फिरत होतं. तो बाजूला पडला होता, शुद्धीवर होता. त्याने बोट करून लाल बटण दाखवलं. तिने जाऊन दाबलं. मग सगळं शांत झालं.

एवढ्यात शिवप्पा येऊन पोचला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "तिच्या डोस्क्यात बसलंय बगा ते. ती रस्त्यात नव्हतीच. गोठ्यात होती, नंतर पळत आली. बटण दाबलं आसंल, ते न्हाय म्हनत न्हाय. पन मधी नव्हती. चार वर्सं सांगून ऱ्हायलोय." मी विचारलं की मग गाडी का पडली? त्याने आभाळाकडे हात केला.

गंगव्वा तिथेच उभी राहून आमच्याकडे बघत होती. तिला कळत होतं तो काय सांगतोय ते. टेंपोत चढताना तिने माझा हात धरला. "तुमी तरी खरं माना."

दोघांतलं कोण खरं, मला ठरवता येत नाही. तिने मला कालच्या विचारातून सोडवलं म्हणून तिचं खरं मानावंसं वाटतं. मापाला असं चालत नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

कुंभारीला गेले. शैलाने खोकी बांधायला काढली होती. अवीचे ट्रॅकवरचे कपडे एका खोक्यात, त्यावर नाव लिहिलेलं नाही.

शिम कागदाच्या पुडीत बांधून नेली होती. तिच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. पट्टे, फट, मोजमाप, चारही ठिकाणचा आकडा. मी वर्गात बोलते तशी बोलत होते, माझं मलाच ऐकू येत होतं. तिने पुडी उघडली नाही.

"मला यातलं काही कळत नाही ताई," ती म्हणाली. "तेव्हाही कळत नव्हतं. मला फक्त कुणावर तरी ठेवायचं होतं. तुम्ही समोर होतात."

मग तिने सांगितलं की त्या सकाळी त्यांचं वाजलं होतं. गाडीवरूनच. ती म्हणाली होती, जा, ती गाडीच घेऊन राहा. तो हेल्मेट घालून न बोलता गेला. ती माघारी बोलवायला दारापर्यंत गेली होती, हाक मारली नाही. तिला चार वर्षं वाटत होतं की त्याने मुद्दाम केलं. गाडी बिघडली होती हे खरं ठरलं असतं तर तिला बरं वाटलं असतं, म्हणून ती माझ्या हातालाच दोष देऊन बसली होती.

मी पट्ट्यासाठी जे मागितलं होतं तेच तिने माझ्या हातासाठी मागितलं होतं. तिला हे सांगितलं नाही, पण तिचा राग आला नाही.

गंगव्वाचं सांगितलं. शिवप्पा काय म्हणतो तेही सांगितलं, लपवलं नाही. शैलाने फक्त एवढंच विचारलं, "तो शुद्धीवर होता?"

८ फेब्रुवारी, रविवार

देसाईंनी नवे पट्टे पाठवले होते, ते बसवले. शिम परत तिच्या जागी. तेल, प्लग, बॅटरी, पेट्रोल. वाकडं चाक तेच बदलणार आहेत. मागचं चाक स्टँडवर उचलून ठेवलं.

अकराच्या सुमारास दारात रिक्षा थांबली, शैला उतरली. तिला मी बोलावलं नव्हतं. बशीरभाईंनी सांगितलं असणार. ती कधीच वर्कशॉपला यायची नाही. भिंतीला टेकून उभी राहिली, पर्स दोन्ही हातांत धरून.

लाल बटण मी चालूच्या बाजूला केलं. पहिल्यांदा घेतलं नाही. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा इंजिन खोकलं आणि लागलं. पत्र्याची खोली, आवाज छातीत बसतो. मी क्लच दाबला. तो खडखडाट. मला वाटलं होतं मला सोसणार नाही. कान इंजिनात होते, व्हॉल्व्ह ऐकत होते, आठही नीट मिटत होते. काम करताना भीती वाटत नाही हे विसरले होते.

बशीरभाई बाहेर निघून गेले.

शैला पुढे आली, टाकीच्या पोच्यावर हात ठेवला. थरथर हाताला लागली तसा झटकन काढला, मग परत ठेवला. मी बंद करू का विचारलं. नको म्हणाली. इंजिन गरम व्हायला लागलं तेव्हा मीच बंद केलं.

जाताना ती म्हणाली, मला त्या बाईला भेटायचंय.

२१ फेब्रुवारी, शनिवार

देसाईंना फोन करून सगळं सांगितलं. शिम मी घासली होती, ती काढून मोजली, ती बरोबर आहे, पण ती कंपनीची नाही, हाताची आहे. नवी हवी असेल तर बसवून देते. ते म्हणाले, तीच राहू द्या. मग विचारलं, मागच्या चाकाची रेघ किती लांब होती? पंचनाम्यात होतं ते सांगितलं. म्हणाले, "अवी नुसता घाबरून ब्रेक मारणारा नव्हता ताई. रस्त्यात कुणीतरी असणार." आणि लगेच, "पण मी तिथं नव्हतो."

गाडी कधी नेऊ विचारलं. शैलाला विचारून सांगते म्हणाले. ती सध्या हो पण म्हणत नाही, नाही पण म्हणत नाही. मार्च जवळ आलाय.

२२ फेब्रुवारी, रविवार

शैलाला घेऊन गेले. टेंपोतच, तिघं पुढे दाटीवाटीने. बाभळींपाशी उतरली तेव्हा चप्पल काढून उतरली.

शिवप्पा बाजाराला दुधनीला गेलेला. बरं झालं. गंगव्वाने शैलाकडे एकदा बघितलं आणि सरळ तिच्या पाया पडायला वाकली. शैलाने तिला दंडाला धरून उठवलं. मग दोघी रस्त्यावर गेल्या, मी मागे. गंगव्वाने जागा दाखवली. ती कुठे उभी होती, तो कुठे पडला. ती डांबराच्या मध्यावर जाऊन उभी राहिली, डोक्यावर भारा असल्यासारखे दोन्ही हात वर करून. दूरवर एक एसटी येत होती, मी ओरडले तेव्हा बाजूला आली.

शैलाने विचारलं, "काही बोलले का ते?"

गंगव्वा म्हणाली, बोलले की. पण ते हेल्मेट, त्यातून नीट येईना. ती जवळ गेली तेव्हा दोनदा बोलले.

"काय बोलले?"

तिने डोळे मिटून आठवलं. म्हणाली, तिला काही अर्थ लागला नव्हता, मराठी होतं का काय तेही कळलं नाही, पण आवाज ध्यानात आहे. मग तिने खालच्या आवाजात तो तसाच करून दाखवला. "सै... ला. सैऽला. आसं."

शैलाच्या तोंडून एकदम हुंदका आला. ती तिथेच कडेच्या मातीत बसली. गंगव्वाला तिचं नाव माहीत नव्हतं, मी एकदाही घेतलं नव्हतं. गंगव्वा माझ्याकडे बघू लागली, काय झालं, मी काय वाईट बोलले. मी तिला सांगितलं, हिचं नाव शैला. तीही रडायला लागली, शैलाशेजारी बसली, तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली. कानडीत काहीतरी म्हणत होती.

मी उभी होते. टाकीचा तो पोचा, झाकणाजवळचा. बशीरभाईंनी सांगितलं होतं, गाडी उचलली तेव्हा पेट्रोल सगळ्या रस्त्यावर सांडलं होतं. इंजिन गरम, पेट्रोल वाहतंय, आणि एक बाई वाकून जवळ आलेली. अवी वर्कशॉपमध्ये दिवसातून पन्नासदा ओरडायचा तो शब्द. गरम जॉब उचलताना, क्रेन फिरताना, कुणी मशीनच्या जवळ आलं की. साइडला. साइडला.

त्या दोघी खाली बसलेल्या. शैला गंगव्वाला विचारत होती, दोनदा म्हणाले? नक्की दोनदा? आणि गंगव्वा पुन्हा पुन्हा म्हणून दाखवत होती. दर वेळी मी कान देऊन ऐकलं. कधी शैला वाटलं, कधी साइडला.

परत येताना शैला माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. चार वर्षांत अशी झोपलेली बघितली नाही. बशीरभाईंनी टेंपो हळू घेतला.

गाडी देसाईंना कधी द्यायची ते तिला विचारलेलं नाही. ‘साइडला’चं सांगितलेलंही नाही.